तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला?



निरगुडसरच्या पारावर एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न घेऊनच मी तुमच्यापुढे आलो आहे. बाबांची उमेदीची सारी वर्षे साचेखात्यात गेली. मनिऑर्डरी गावाला गेल्या, त्यावर भावंडांची लग्ने झाली, विहिरीचे बांधकाम झाले. १९८२ चा संप झाला, पुढे गिरणीचा भोंगा कायमचा बंद पडला आणि बाबा आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या वावरात परत आले. आता हातात काय? तर महिन्याला मिळणारी चिमूटभर पेन्शन.

बाबा म्हणाले, "आरं, ही पेन्शन वाढवायची म्हंजी कुणाच्या हातात हाय?"

मी म्हटले, "बाबा, दिल्लीच्या."

"दिल्ली काय माणूस हाय? नाव सांग, गाव सांग. कुणाच्या मेजावर कागुद अडलाय, ते सांग की!"

बंधूंनो, मी निरुत्तर झालो. आपण मोर्चे काढतो, घोषणा देतो, "केंद्र सरकार" म्हणून मूठ आवळतो. पण त्या सरकारात तिजोरीची किल्ली नेमकी कुणाच्या कमरेला आहे, तो माणूस तिथे कसा पोहोचला, तो कोणत्या भाषेत विचार करतो, हे आपण कधी विचारलेच नाही. म्हाताऱ्याने विचारले. त्याचे उत्तर शोधणे हे आपले काम आहे.

आधी पेन्शनचा हिशेब बघा. १९९५ च्या योजनेतल्या पेन्शनरासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. त्यानंतर डाळ वाढली, तेल वाढले, एसटीचे भाडे वाढले. २०२५ साली मात्र किमान पेन्शनचा आकडा तोच होता, १,००० रुपये! ही योजना मजूर खात्याच्या अखत्यारीतली. पण ज्याची पेन्शन हजाराला पोहोचत नाही, त्याला वरची भर केंद्राच्या अंदाजपत्रकातून घालावी लागते. म्हणजे मजूरमंत्र्याने उद्या मनात आणले, तरी अर्थखात्याने मान डोलावल्याशिवाय त्या हजाराचे अकराशे होत नाहीत. बाबांचा कागद जिथे अडतो, ते ठिकाण हे.

अर्थमंत्रालय म्हणजे फेब्रुवारीत भाषण करणारा मंत्री, एवढेच आपल्याला ठाऊक असते. खरे काम बाकीचे अकरा महिने चालते. २०२१ पासून या मंत्रालयाचे सहा विभाग आहेत. एक कर गोळा करतो, एक खर्चाला मंजुरी देतो, एक अंदाजपत्रक आणि कर्जे बघतो, एक बँका आणि विमा बघतो, उरलेले दोन सरकारी कारखाने आणि सरकारी मालमत्ता यांचे बघतात. शिवाय दिल्लीतल्या प्रत्येक मंत्रालयात एक आर्थिक सल्लागार बसलेला असतो. खर्चाची फाईल त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय हलत नाही. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर कापड विणणारी खाती वेगळी, पण मस्टर आणि पगाराची पेटी ज्याच्याकडे, त्याला सारी खाती भितात. तसे हे खाते आहे.

या खात्यात कोण बसतो यावर गिरणी कामगाराच्या घरातली चूल कशी अवलंबून असते, ते आपल्याच इतिहासात लिहिले आहे.

हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक १८६० साली जेम्स विल्सन या साहेबाने मांडले. तेव्हापासून १९४६ च्या हंगामी सरकारापर्यंत त्या खुर्चीवर एकही देशी माणूस बसला नाही. त्याचे फळ काय? १८९६ साली आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली. का? तर विलायतेहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयातकर होता, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्याला मुंबईच्या कापडाची स्पर्धा जड जाऊ नये! म्हणजे आपल्या देशाच्या तिजोरीने आपल्याच साच्यावर कर बसवला, परक्याच्या साच्याला सांभाळण्यासाठी. जवळजवळ तीस वर्षे तो कर चालला.

पुढे १९२५ साली मुंबईच्या मालकांनी मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. अडीच महिने चुली थंड राहिल्या. नारायण मल्हार जोशींसारखी माणसे कामगारांच्या पाठीशी उभी राहिली. अखेर डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने ती जकात तहकूब केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. बघा बंधूंनो! संप परळ-लालबागात, निकाल दिल्लीच्या अर्थखात्यात. आपल्या आज्या-पणज्यांनी उपास काढले, तेव्हा कुठे अर्थखात्याची लेखणी हलली.

लेखणीला लेखणीनेही उत्तर देता येते, हेही मराठी माणसानेच दाखवले आहे. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. सरकारच्याच आकड्यांनी त्यांनी सरकारला पकडले. शिल्लक पडते आहे, तर गरिबाच्या मिठावर कर कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता, तो १९०३ पासून उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे मी म्हणत नाही. पण आकडा हे गरिबाचेही हत्यार होऊ शकते, हे तेव्हा दिसले. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीही १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ साली प्रांतांच्या तिजोऱ्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. परळच्या चाळीत राहून शिकलेल्या माणसाने साहेबाच्या हिशेबवहीत बोट घातले!

आता येतो १९५६ सालाकडे. कुलाबा जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले देशी गव्हर्नर, १९४३ ते १९४९. नोटेवर पहिल्यांदा देशी गव्हर्नराची सही आली, ती या मराठी माणसाची. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ साली त्यांच्याच कारकीर्दीत झाली. आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेण्याचा वटहुकूम जानेवारी १९५६ मध्ये निघाला, तोही त्यांच्याच काळात.

त्याच जानेवारीत, १६ तारखेला, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. गिरणगाव पेटून उठले. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली. चिंतामणरावांनी राजीनामा देऊ केला. जुलैमध्ये तो मंजूर झाला. लोकसभेत त्यांनी उघड सांगितले, की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाची रीत डावलून झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. देशाची तिजोरी ज्याच्या हाती, त्या माणसाने मराठी माणसाच्या रक्ताच्या हिशेबासाठी खुर्ची सोडली. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोत.

पण बंधूंनो, नमस्कार करून झाल्यावर डोळे उघडे ठेवून पुढचेही वाचले पाहिजे. खुर्ची रिकामी झाली, तेव्हा तिथे कोण बसले? आधी कृष्णम्माचारी. मग मार्च १९५८ मध्ये मोरारजी देसाई. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात मुंबईत गोळीबार झाला, तेच देशाचे अर्थमंत्री! एका थोर माणसाने खुर्ची सोडली म्हणून खात्याचे चाक थांबले नाही. चाक चालवणारे वेगळेच असतात.

ते कोण, हेही त्याच वेळी उघड झाले. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या भांडवलदाराच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर घेतले. पैसा कुणाचा? विमा उतरवणाऱ्या लहान माणसांचा. प्रकरण बाहेर आले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ च्या जानेवारीत मुंबईत उघड्यावर चौकशी केली आणि लोकांनी गर्दी करून ती ऐकली. त्यात प्रश्न हाच निघाला: हुकूम मंत्र्याचा की सचिवाचा? मंत्री म्हणाले, मी परवानगी दिली नाही. सचिव म्हणाले, मंत्र्यांना माहीत होते. छागलांनी निकाल दिला, की खात्याच्या कारभाराची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. कृष्णम्माचारी गेले. आणि त्या वेळचे अर्थसचिव एच. एम. पटेल? १९७७ साली ते स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले!

गिरणीत कायम कामगार असतो आणि बदलीवाला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. अर्थमंत्रालयात मंत्री हा बदलीवाला आणि खाते हे कायम! मंत्री येतो, पाच वर्षे किंवा पाच महिने पाळी करतो आणि जातो. फाईलवर पहिली टीप लिहिणारा मात्र निवृत्तीपर्यंत तिथेच असतो. कधी एक रुपयाची नोट हाती आली तर निरखून बघा. तिच्यावर मंत्र्याची सही नसते. सही असते अर्थसचिवाची.

म्हणूनच "आपला माणूस अर्थमंत्री झाला" एवढ्यावर पेढे वाटून भागत नाही. चिंतामणरावांनंतर यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ अर्थमंत्री होते. शंकरराव चव्हाण १९८८-८९ मध्ये होते. मधू दंडवते १९८९-९० मध्ये होते आणि त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा करून सोनारांच्या मानेवरचे जुने जोखड उतरवले. राज्यापुरते बोलायचे तर आमच्या निरगुडसरचेच दिलीप वळसे-पाटील २००८-०९ मध्ये महाराष्ट्राचे अर्थमंत्री होते. गावाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण पारावरच्या बाबांची पेन्शन राज्याच्या तिजोरीतून येतच नाही, ती दिल्लीची! आणि दिल्लीत बाबांचे म्हणणे पोहोचायचे तर ते कोणत्या भाषेत पोहोचणार?

इथे आपण मूळ मुद्द्याशी आलो. संयुक्त महाराष्ट्राचा लढा कशासाठी होता? नकाशावर रेघ ओढण्यासाठी नव्हे. ज्याच्यावर राज्य करायचे, त्याच्या भाषेत राज्य चालले पाहिजे, यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी राज्य झाले. १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. तलाठी मराठीत बोलू लागला, मामलेदार मराठीत लिहू लागला. बेळगाव-निपाणी-कारवारचे आपले भाऊ अजून त्यासाठी झगडत आहेत. पण तिजोरीचे काय? तलाठी मराठी बोलतो, तिजोरी बोलत नाही!

नोकरभरतीच बघा. अर्थमंत्रालयात चार वाटांनी माणसे येतात. पहिली वाट राज्यांतून प्रतिनियुक्तीवर जाणाऱ्या आयएएस साहेबांची. दुसरी इन्कमटॅक्स आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांची. या दोन्ही परीक्षा लोकसेवा आयोगाच्या. मुख्य परीक्षा १९७९ पासून मराठीतून देता येते. पण तिच्या आधीच्या चाळणी परीक्षेचे प्रश्न फक्त हिंदी आणि इंग्रजीत! म्हणजे घरात मराठीतून यायला परवानगी, पण उंबऱ्यावरच अडवणार. तिसरी वाट सरकारला अर्थशास्त्राचा सल्ला देणाऱ्यांची. ती परीक्षा पुरती इंग्रजीत.

चौथी वाट सचिवालयातल्या कायम माणसांची आणि इन्कमटॅक्स-कस्टमच्या इन्स्पेक्टरांची. त्यांची पदवीधर परीक्षा २०२५ सालीही हिंदी आणि इंग्रजीतच होती. आता ऐका गंमत! याच भरती आयोगाने शिपाई-हमालाच्या दर्जाच्या जागांची परीक्षा २०२३ पासून मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांत सुरू केली. चांगलेच झाले. पण त्याचा अर्थ काय निघतो? फाईल उचलून नेणारा मराठीतून आला तर चालेल, फाईलवर लिहिणारा मराठीतून येता कामा नये! आमच्या पोराने झाडू मातृभाषेत मारावा आणि लेखणी परक्या भाषेत धरावी, हा कुठला न्याय?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. दोघांनाही उत्तर देतो.

आपलेच काही गरम डोक्याचे मित्र म्हणतात, "भाषा-बिषा सोडा. देशाची तिजोरी मुंबई भरते, मुंबईचा पैसा मुंबईला द्या!" मित्रांनो, जरा थांबा. कर मुंबईत भरला जातो, कारण कंपन्यांच्या पेढ्या मुंबईत. पण मुंबईच्या गिरणीचे लुगडे विदर्भातली बाई नेसली, धोतर बिहारातल्या शेतकऱ्याने नेसले, तेव्हा तो नफा झाला. कापूस पिकवला खानदेश-वऱ्हाडाने. साचा चालवला जुन्नर-आंबेगावच्या, कोकणच्या, साताऱ्याच्या, आणि हो, उत्तरेकडच्या भय्यानेही. मग एकट्या मुंबईचा पैसा कुठला? "मुंबई आमच्या पैशाने वाढली, ती वेगळी ठेवा," हा तर १९५५-५६ सालच्या भांडवलदारांचा दावा होता. तो आपण तोंडात घ्यायचा?

वाटणीचा हा झगडा जुनाच आहे. पहिल्या वित्त आयोगाने १९५२ साली राज्यांच्या वाट्याच्या प्राप्तिकरातला ८० टक्के भाग लोकसंख्येवर आणि २० टक्के वसुलीवर वाटला. वसुलीला वजन द्या, हा मुंबई सरकारचा आग्रह होता. पुढे दुसऱ्या आयोगाने वसुलीचा भाग १० टक्क्यांवर आणला. २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांतल्या राज्यांच्या वाट्यापैकी ६.३१७ टक्के महाराष्ट्राला ठरले. हा हिस्सा कमी का, याचा जाब जरूर विचारा. निकष उघड करा, म्हणून जरूर भांडा. पण श्रीमंताचा पैसा गरिबाकडे जाणे हेच मुळात चुकीचे, असे कामगाराने म्हणू नये. आपण स्वतः महाराष्ट्रात तेच केले. १९७५ साली व्यवसायकर बसला, तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराचा रुपया दुष्काळी गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती पडला. तो कायदा आपला मान वाढवणारा आहे.

दुसरा आक्षेप दिल्लीकर शहाण्यांचा: "हा संकुचित प्रांतवाद. खात्याला गुणवत्ता लागते, मातृभाषा नव्हे." ठीक! गुणवत्ता नको असे कोण म्हणतो? गणित घ्या, हिशेब घ्या, कायदा घ्या, कितीही कठीण प्रश्न काढा. फक्त ते आम्हाला समजेल अशा भाषेत छापा. गोखल्यांचे गणित मराठी माणसाचे म्हणून कच्चे होते काय? आणि आमची मागणी मराठीपुरती नाही. तामिळ विणकराच्या मुलीला तामिळमध्ये, बंगाली ज्यूट कामगाराच्या पोराला बंगालीत, कानडी भावाला कानडीत. घटनेने मानलेल्या सर्व भाषांना तिजोरीचे दार उघडा. याला प्रांतवाद म्हणत असाल, तर दोन भाषांच्या हाती सगळ्या देशाची किल्ली देण्याला काय म्हणायचे?

मात्र दोष सगळा दिल्लीच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ नये. आपल्या गावातला हुशार पोरगा फौजदार व्हावा, तहसीलदार व्हावा, असे आपल्याला वाटते. गावात गाडी आली, सलाम झाला, की छाती फुगते. दिल्लीच्या सचिवालयात कोपऱ्यातल्या मेजावर बसून टिपण लिहिणाऱ्याला कोण ओळखतो? पण बाबांचा कागद फौजदाराकडे अडलेला नाही. तो त्या कोपऱ्यातल्या मेजावर अडलेला आहे!

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, अर्थमंत्रालयाकडे जाणाऱ्या प्रत्येक परीक्षेची प्रश्नपत्रिका, चाळणीची, पदवीधरांची आणि अर्थशास्त्राची, मराठीत आणि घटनेतल्या इतर भाषांत निघाली पाहिजे.

दोन, अंदाजपत्रकाचे मूळ कागद हिंदी-इंग्रजीत निघतात, ते त्याच दिवशी मराठीतही निघाले पाहिजेत. बातमीपुरता सारांश नको. ज्याच्या घामाचा पैसा, त्याला वही वाचता आली पाहिजे.

तीन, अंदाजपत्रकाआधी अर्थमंत्री कामगार संघटनांना बोलावतात, ऐकून घेतात. पुढे त्या मागणीचे काय झाले, हे छापून सांगितले पाहिजे. किमान पेन्शन वाढवण्याची सूचना नाकारायची असेल तर कारण लिहून, सही करून नाकारा. तोंडी मान हलवणे बंद!

चार, ही मागणी आपल्या स्वतःकडे. गिरणगावात आणि गावोगावच्या वाचनालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ अंदाजपत्रक वाचायला द्या. आपल्या मुला-मुलींना या खात्याच्या परीक्षांना बसवा. साच्यावर तुटलेला धागा डोळ्यात तेल घालून शोधणाऱ्याच्या नातवाला हिशेबातली चूक सापडणार नाही, असे मला वाटत नाही.

चिंतामणरावांनी १९५६ साली दाखवले, की मराठी माणूस तिजोरीवर बसू शकतो आणि वेळ आली तर तिच्यावर लाथ मारून उठूही शकतो. आता आपल्याला तिथे एक मंत्री नको, शंभर मेजे हवीत. त्या मेजांवर कामगारांची, शेतकऱ्यांची मुले बसली पाहिजेत, आणि ती कोणत्याही भाषेतल्या गरिबाचा कागद वाचायला शिकलेली पाहिजेत.

पुढच्या खेपेला निरगुडसरच्या पारावर बाबा विचारतील, "कुणाच्या मेजावर कागुद अडलाय?" तेव्हा त्यांना मेजाचे नाव सांगता आले पाहिजे. आणि एक दिवस असा यावा, की ते मेज त्यांच्याच नातीचे असावे!

राज्य मराठी झाले, आता तिजोरीलाही मराठी समजलीच पाहिजे!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!